वैयक्तिक संगणक-व्यापार : स्पर्धा, किंमती व विक्रेत्यांचा नफा

वैयक्तिक संगणकाचा कारखानदार व तो वापरणारा ग्राहक यांच्यामधील विक्रीची साखळी, तीतील स्पर्धा आणि त्या स्पर्धेतून ठरत गेलेल्या किंमती यांचा समावेश या व्यापारात होतो. त्याचा उदय १९७५ च्या सुमारास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला व पुढील तीन दशकांत त्याला आजचे रूप आले. विक्रेता कारखानदाराकडून ज्या किंमतीला माल घेतो आणि ग्राहकाला ज्या किंमतीला विकतो, त्या दोहोंतील फरकास व्यापारी परिभाषेत ‘मार्जिन’ म्हणतात. हा फरक सामान्यतः विक्रीच्या किंमतीच्या टक्केवारीत सांगतात. दुकानाचे भाडे, नोकरांचे पगार, मालात गुंतलेल्या भांडवलावरील व्याज व पडून राहिलेल्या मालाच्या किंमतीतील घट हे सर्व त्यातून भागवावे लागते. उरेल तेवढाच विक्रेत्याचा निव्वळ नफा होय.

धान्य वा कापड यांच्या व्यापारात एवढ्यावर हिशेब संपतो. संगणकाच्या व्यापारात मात्र प्रारंभी आणखी एक मोठा खर्च होता. ग्राहकाला यंत्राचा उपयोग समजावून देणे, त्याच्या कामास योग्य ती आज्ञावली निवडून देणे, यंत्राची जोडणी करणे आणि ते बिघडल्यास दुरुस्त करणे ही कामे विक्रेत्याकडे असत. त्यांचे मोल ग्राहक वेगळे देत नसे. ते यंत्राच्या किंमतीतच धरलेले असे. वैयक्तिक संगणक-व्यापाराचा इतिहास हा मुख्यतः यंत्राची किंमत आणि सल्ल्याची किंमत एकमेकींपासून विलग होत जाण्याचा इतिहास आहे.

प्रारंभ : एड रॉबर्ट्स यांच्या मिट्स या न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्क येथील कंपनीने जानेवारी १९७५ मध्ये ‘अल्टेअर ८८००’ या संगणकाच्या सुट्या भागांचा संच ३९७ डॉलरला जाहीर केला. त्यातील इंटेल कंपनीच्या ८०८० या सूक्ष्मप्रक्रियकाची दर्शनी किंमतच ३६० डॉलर होती. परंतु मिट्सने मोठी मागणी नोंदवून तो सु. ७५ डॉलरला मिळविला होता. घाऊक खरेदीची सूट हाच या उद्योगातील स्पर्धेचा कणा राहणार, हे पहिल्याच यंत्राने दाखवून दिले. त्याच वर्षी मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीने ६५०२ हा सूक्ष्मप्रक्रियक अवघ्या २५ डॉलरला विकण्यास काढला. परिणामी प्रतिस्पर्धी कंपन्यांनाही आपल्या किंमती उतरवाव्या लागल्या.

अल्टेअरची विक्री प्रथम टपालाने होत असे. जुलै १९७५ मध्ये डिक हायझर यांनी लॉस अँजेल्स येथे संगणकांचे पहिले किरकोळ दुकान उघडले. संच विकत घेणाऱ्यांपैकी अनेकांना तो जोडता येत नसे. त्यांना साहाय्य करणारा माणूस हवा होता आणि दुकानदार ती गरज भागवी. कॅलिफोर्नियातील ‘बाइट शॉप’ या दुकानाचे मालक पॉल टेरेल यांनी १९७६ मध्ये स्टीव्ह जॉब्झ व स्टीव्ह वॉझ्निॲक यांच्याकडे ‘ॲपल १’ या संगणकाचे ५० नग प्रत्येकी ५०० डॉलरप्रमाणे मागविले. ते सुटे भाग नसून जोडलेले मंडल असावेत, अशी त्यांची अट होती. या संगणकाची किरकोळ किंमत ६६६·६६ डॉलर ठेवण्यात आली. म्हणजे खरेदीवर एक-तृतीयांश वाढ, अथवा विक्रीच्या किंमतीवर २५ टक्के मार्जिन असा हा हिशेब होता. ॲपल कंपनीच्या जन्माला एका दुकानदाराची मागणी कारणीभूत झाली आणि मालाचे स्वरूपही त्यानेच ठरविले, ही गोष्ट त्या काळातील विक्रेत्याचे स्थान स्पष्ट करते.

विक्रीच्या दोन पद्धती : १९७७ मध्ये तयार स्वरूपातील तीन संगणक बाजारात आले : ॲपल २ (१,२९८ डॉलर), कमोडोर कंपनीचा पेट (७९५ डॉलर) व टँडी कॉर्पोरेशनचा टीआरएस-८० (पडदा व ध्वनिफीत-यंत्रासह ५९९·९५ डॉलर). टीआरएस-८० स्वस्त असण्याचे एक कारण विक्रीव्यवस्थेत होते. टँडीच्या मालकीची रेडिओ शॅक ही तीन हजारांहून अधिक दुकाने देशभर पसरलेली होती. उत्पादक व दुकानदार एकच असल्यामुळे मधल्या विक्रेत्याचा वाटा वेगळा द्यावा लागत नसे. पहिल्या खेपेस दुकानांच्या संख्येइतकेच संगणक तयार करण्याचा निर्णय घेण्यात आला. ते खपले नाहीत, तर दुकानांच्या हिशेबासाठी वापरता येतील, असा त्यामागील विचार होता.

दुसरी पद्धती स्वतंत्र दुकानांच्या साखळीची. विल्यम मिलार्ड यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या कॉम्प्युटरलँड या संस्थेने स्वतःची दुकाने काढण्याऐवजी आपले नाव वापरण्याचा परवाना स्थानिक व्यापाऱ्यांना दिला. ‘फ्रँचाइझ’ या नावाने ही पद्धती ओळखली जाते. संस्था सर्वांच्या वतीने एकत्र खरेदी करून अधिक सूट मिळवी व माल दुकानदारांना पुरवी. मोबदल्यात ती त्यांच्या एकूण विक्रीवर ८ टक्के स्वामित्वशुल्क आकारी. शुल्क नफ्यावर नव्हे, तर विक्रीवर होते, ही बाब महत्त्वाची ठरली. मार्जिन ३५ टक्के असताना ८ टक्के जड वाटत नसत. स्पर्धेमुळे ते २० टक्क्यांवर आल्यास तेच शुल्क मार्जिनच्या दोन-पंचमांश होई. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास या साखळीत सु. ८०० दुकाने होती. तथापि १९८५ मध्ये दुकानदारांनी उठाव केल्याने मिलार्ड यांना संस्थेचा कारभार सोडावा लागला व पुढे शुल्कही कमी करण्यात आले.

आय्‌बीएम आणि करडा बाजार : आय्‌बीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्याच्या मूळ संचाची किंमत १,५६५ डॉलर होती. मोठे संगणक आपल्याच प्रतिनिधींमार्फत विकणाऱ्या या कंपनीने या वेळी प्रथमच कॉम्प्युटरलँड व सिअर्स यांच्या दुकानांचा आश्रय घेतला. हजार-दोन हजार डॉलरच्या यंत्रामागे स्वतःचा विक्री-प्रतिनिधी पाठविणे परवडणारे नव्हते. यंत्रासोबत तीन कार्यकारी प्रणाली देऊ केल्या होत्या. त्यांपैकी मायक्रोसॉफ्टने पुरविलेली डॉस ४० डॉलरला, तर सीपी/एम-८६ ही २४० डॉलरला मिळे. साहजिकच डॉस हीच सर्वमान्य झाली. या किंमतीचे परिणाम पुढे फार दूरगामी ठरले.

कारखानदार विक्रेत्याला मागणीच्या प्रमाणात सूट देत. छोट्या दुकानाला सु. २५ टक्के, तर मोठ्या साखळीला ४० टक्क्यांच्या आसपास सूट मिळे. या चढत्या सुटीतून एक विपरीत प्रकार उद्‌भवला. समजा, एका यंत्राची दर्शनी किंमत ३,००० डॉलर आहे. लहान विक्रेत्यास ते २,२५० डॉलरला पडते, तर मोठ्यास १,८०० डॉलरला. मोठा विक्रेता सूट मिळावी म्हणून गरजेपेक्षा अधिक यंत्रे मागवितो व उरलेली १,९०० डॉलरप्रमाणे एखाद्या अनधिकृत व्यापाऱ्याला देतो. तो व्यापारी ती २,१०० डॉलरला विकतो. म्हणजे लहान अधिकृत विक्रेत्याच्या खरेदीच्या किंमतीपेक्षाही कमी दराने तेच यंत्र ग्राहकाला मिळते. हा व्यवहार बेकायदेशीर नव्हता व अधिकृतही नव्हता. म्हणून त्यास ‘करडा बाजार’ हे नाव पडले. कारखानदार त्याचा जाहीर निषेध करीत व अधिकृतता काढून घेण्याच्या धमक्या देत; परंतु अतिरिक्त मागणी त्यांच्या स्वतःच्या सूटपत्रकामुळेच निर्माण होत होती.

किंमतीचे नियंत्रण व कायदा : अनेक ग्राहक अधिकृत दुकानात जाऊन यंत्र हाताळीत, सल्ला घेत आणि मग टपालाने स्वस्तात माल पाठविणाऱ्याकडे मागणी नोंदवीत. सल्ल्याचा खर्च एकाने करावा व विक्री दुसऱ्याने करावी, अशी ही स्थिती होती. विक्रेत्यांनी ठरावीक किंमतीखाली माल विकू नये, असे बंधन कारखानदाराने घालणे हा त्यावरील एक उपाय. परंतु अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी बंधने डॉ. माइल्स खटल्यात (१९११) अवैध ठरविली होती. १९३७ च्या मिलर-टायडिंग्ज कायद्याने राज्यांना या बाबतीत दिलेली मुभा डिसेंबर १९७५ मध्ये रद्द झाली. म्हणजे वैयक्तिक संगणकाचा जन्म आणि या मुभेचा अंत एकाच वर्षी घडला. मात्र १९७७ मधील सिल्व्हेनिया खटल्यात, किंमतीखेरीज इतर बंधने प्रत्येक प्रकरणाच्या गुणावगुणांनुसार तपासावीत, असा निर्णय झाला. त्यामुळे कारखानदारांना एक वाट मोकळी झाली.

ॲपल कंपनीने तीच अनुसरली. १९८१ च्या अखेरीस तिने आपल्या विक्रेत्यांना टपालाने विक्री करण्यास मनाई केली. ग्राहकाला समोरासमोर मार्गदर्शन व नंतरची सेवा मिळणे आवश्यक आहे, हे तिचे समर्थन होते. ही केवळ किंमती चढ्या ठेवण्याची युक्ती आहे, असे म्हणून टपालाने विक्री करणारे काही विक्रेते न्यायालयात गेले. ओएस्‌सी कॉर्पोरेशन विरुद्ध ॲपल या खटल्यात अपील न्यायालयाने १९८६ मध्ये ॲपलचे म्हणणे मान्य केले. यानंतर २००७ मधील लीजिन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉ. माइल्स निर्णयही मोडीत काढला आणि किमान किंमतीची बंधनेदेखील गुणावगुणांनुसार तपासण्याचे तत्त्व स्वीकारले. सल्ला देणाऱ्या विक्रेत्याला संरक्षण नसेल, तर सल्ला देणाराच उरणार नाही, हा या निर्णयामागील एक युक्तिवाद होता. संगणकाच्या व्यापारापुरते पाहिले, तर हे संरक्षण फार उशिरा मिळाले.

घरगुती संगणकांचे किंमतयुद्ध : १९८२-८३ मध्ये घरगुती वापराच्या स्वस्त संगणकांत तीव्र स्पर्धा झाली. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९८१ मध्ये टीआय-९९/४ए हा संगणक ५२५ डॉलरला आणला होता. कमोडोरचे प्रमुख जॅक ट्रॅमिएल यांनी त्याच्यासमोर ३०० डॉलरहून किंचित कमी किंमतीचा व्हीआय्‌सी-२० उभा केला. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने सप्टेंबर १९८२ मध्ये १०० डॉलरचा परतावा जाहीर केला. कमोडोरने त्याहून मोठी कपात केली. ऑगस्ट १९८२ मध्ये ५९५ डॉलरला आलेला कमोडोर ६४ वर्षभरात २०० डॉलरच्या आसपास उतरला. मॉस टेक्नॉलॉजी ही कंपनी कमोडोरने १९७६ मध्येच विकत घेतली असल्याने तिला मंडले स्वतःच्या उत्पादनखर्चात मिळत. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सला १९८३ च्या दुसऱ्या तिमाहीत सु. ११·९ कोटी डॉलरचा तोटा झाला आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये तिने या क्षेत्रातून माघार घेतली.

या युद्धात दुकानदारांची हानी अधिक झाली. कमोडोरने आपला माल मोठ्या सवलतगृहांतून विकण्यास प्रारंभ केल्यामुळे, जुन्या दराने माल घेऊन बसलेल्या लहान दुकानदारांना तो तोट्यात काढावा लागला. नंतरच्या काळात कारखानदार किंमत उतरविताना विक्रेत्याजवळील शिलकी मालावरील फरक भरून देऊ लागले. ‘किंमत-संरक्षण’ या नावाची ही प्रथा पुढे वितरणाच्या करारांत रूढ झाली.

कॉम्पॅक व डेल : आय्‌बीएमच्या संगणकाचे बहुतेक भाग बाजारात कोणालाही मिळत असल्याने त्याच्या प्रतिकृती शक्य झाल्या. ह्यूस्टन येथे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्पॅक कंपनीने विक्रेत्यांची नाराजी अचूक हेरली. आय्‌बीएम ही विक्रेत्यांना माल देई व त्याच वेळी मोठ्या ग्राहकांना स्वतःही विके. कॉम्पॅकने स्वतः थेट विक्री न करण्याचे धोरण पत्करले. विक्रेत्याशी आपण स्पर्धा करणार नाही, या आश्वासनामुळे दुकानदार तिचे यंत्र पुढे करू लागले आणि विक्रीच्या पहिल्याच वर्षी (१९८३) तिची उलाढाल ११·१ कोटी डॉलरवर गेली. मात्र मैत्रीलाही हिशेबाच्या मर्यादा होत्या. बिझनेसलँड या मोठ्या साखळीला हव्या असलेल्या खास सवलती कॉम्पॅकने नाकारल्या व फेब्रुवारी १९८९ मध्ये तिचा पुरवठा बंद केला. दोघांचा समेट १९९० मध्ये झाला.

मायकेल डेल यांनी १९८४ मध्ये टेक्सस राज्यातील ऑस्टिन येथे १,००० डॉलर भांडवलावर व्यवसाय सुरू केला, तो करड्या बाजारातूनच. विक्रेत्यांजवळ पडून राहिलेले संगणक ते स्वस्तात घेत, त्यांत स्मृती व तबकडी-यंत्रे वाढवीत आणि विकीत. १९८५ मध्ये त्यांनी स्वतःचा संगणक ७९५ डॉलरला बाजारात आणला. तो दूरध्वनीवरून थेट ग्राहकाला विकला जाई. दुकानदाराचा वाटा त्यात नव्हता. ग्राहक तोवर अनुभवी झाले होते. दुसऱ्यांदा संगणक घेणाऱ्यास सल्ल्याची गरज फारशी नव्हती आणि ज्याची गरज नाही त्याचे मोल देण्यास तो तयार नव्हता.

या बदलाचा फटका कॉम्पॅकला बसला. १९९१ च्या तिसऱ्या तिमाहीत तिला प्रथमच तोटा झाला व संस्थापक रॉड कॅन्यन यांना पायउतार व्हावे लागले. त्यांचे उत्तराधिकारी एकहार्ट फायफर यांनी जून १९९२ मध्ये ९०० डॉलरच्या आतील संगणक आणून किंमतयुद्ध पुकारले आणि मोठ्या विक्रीगृहांतूनही माल विकण्यास प्रारंभ केला. १९९४ मध्ये कॉम्पॅक विक्रीत जगात पहिली झाली. लहान दुकानदाराच्या विश्वासावर वाढलेल्या कंपनीनेच त्याच्या मार्जिनचा पाया काढून घेतला, असे यासंबंधी म्हणता येईल.

डेलच्या यशामागे केवळ मार्जिनची बचत नव्हती. संगणकाच्या भागांच्या किंमती सतत उतरत असल्यामुळे साठवलेला माल दर आठवड्यास स्वस्त होत जातो. दुकानाच्या साखळीत यंत्रे कित्येक आठवडे पडून राहत. डेल मात्र मागणी आल्यावरच यंत्र जोडी. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिच्याजवळचा साठा दहा दिवसांहूनही कमी काळाचा असे. शिवाय ग्राहकाचे पैसे आधी येत व पुरवठादारांचे नंतर द्यावे लागत. म्हणजे ज्या भांडवलावर दुकानदार व्याज भरी, ते डेलला बिनव्याजी मिळत असे.

नफ्याचे स्थलांतर : यंत्राच्या किंमतीतील घट सर्वांच्या वाट्यास सारखी आली नाही. प्रतिकृती करणारे शेकडो होते. परंतु सूक्ष्मप्रक्रियक मुख्यतः इंटेलकडून व कार्यकारी प्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घ्यावी लागे. जेथे स्पर्धा होती तेथील नफा आटला आणि जेथे ती नव्हती तेथे तो साचला. संगणकात कोणतीही प्रणाली घातली, तरी प्रत्येक सूक्ष्मप्रक्रियकामागे मायक्रोसॉफ्टला शुल्क द्यावे, अशा करारांवर १९९४ च्या न्यायिक तडजोडीने बंदी आली. इंटेलला सूट देण्याच्या अटींबद्दल युरोपीय आयोगाने २००९ मध्ये १०६ कोटी यूरोंचा दंड केला. संगणक-निर्मात्यांबरोबरच एका मोठ्या किरकोळ विक्रेत्याला दिलेली रक्कमही त्या प्रकरणात आक्षेपार्ह मानली होती. मात्र हा दंड न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केला व तो निकाल २०२४ मध्ये कायम झाला.

उत्पादकांनाही हा व्यवसाय पुढे परवडेना. २००२ मध्ये कॉम्पॅक ही ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली व २००५ मध्ये आय्‌बीएमचा वैयक्तिक संगणक-विभाग चीनच्या लेनोव्हो कंपनीकडे गेला. ॲपलने मे २००१ पासून स्वतःची दुकाने उघडून विक्रेत्याची भूमिका आपल्याकडे घेतली. टँडीची जुनी पद्धतीच या रूपाने परतली. याउलट डेलने २००७ मध्ये वॉलमार्टच्या दुकानांतून विक्री सुरू केली. कारण हाताळून पाहून घेतल्या जाणाऱ्या सुवाह्य संगणकांना दुकानाची गरज पुन्हा भासू लागली होती.

भारत : भारतात या व्यापाराची वाढ निराळ्या परिस्थितीत झाली. प्रारंभी परवाने व भारी आयातशुल्क यांमुळे किंमती पुष्कळ चढ्या होत्या. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने उत्पादन व आयात यांवरील निर्बंध सैल केले आणि १९९१ नंतरच्या उदारीकरणाने स्पर्धा वाढली. एच्‌सीएल, विप्रो इ. कंपन्यांच्या नाममुद्रांकित संगणकांशेजारी सुटे भाग जोडून दिलेल्या संगणकांचा मोठा बाजार उभा राहिला. मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) व दिल्लीतील नेहरू प्लेस ही त्याची प्रमुख केंद्रे होत. येथील विक्रेत्याची मिळकत सुट्या भागांवरील अल्प नफ्यापेक्षा जोडणी व दुरुस्ती यांवर अधिक अवलंबून असे. साहजिकच ओळखीचा जोडणारा कारागीर हाच सामान्य कुटुंबाचा सल्लागार ठरला. पुनर्विक्रीची किमान किंमत लादण्यास १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा अधिनियमाने मनाई केली होती. त्याची जागा घेणाऱ्या २००२ च्या स्पर्धा अधिनियमानुसार अशा बंधनाचा स्पर्धेवरील परिणाम तपासला जातो.

मूल्यमापन : किंमतींच्या स्पर्धेने वैयक्तिक संगणक विद्यार्थी, लहान व्यापारी व सामान्य कुटुंबे यांच्या आवाक्यात आणला. अधिकृत विक्रेत्याचे ३०-४० टक्के टिकून राहिले असते, तर हा प्रसार इतक्या वेगाने झाला नसता. तथापि त्या मार्जिनमध्ये केवळ नफाच नव्हता. नवख्या ग्राहकास यंत्र समजावून देण्याचे मोलही त्यात होते आणि ते जाणकार ग्राहकाच्या खरेदीतूनही वसूल होत असे. किंमती विलग झाल्यावर जाणकारास यंत्र स्वस्त मिळाले. ज्याला काही ठाऊक नव्हते, त्याला सल्ला वेगळा विकत घ्यावा लागला किंवा त्यावाचून भागवावे लागले. सल्ल्याचा खर्च नाहीसा झाला नाही. तो विक्रेत्याच्या हिशेबातून निघून ग्राहकाच्या वेळात, शेजाऱ्याच्या मदतीत व दुरुस्तीच्या बिलात विभागला गेला. सर्वांत कमी किंमत म्हणजे सर्वांत कमी खर्च, हे समीकरण नव्या ग्राहकाच्या बाबतीत नेहमीच खरे ठरत नाही, हे या व्यापाराच्या इतिहासावरून दिसून येते.